केळ थंडीनं मरत नाही, बाबा

बडोदे, ३ डिसेंबर

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

थंडीपुरतं इकडे यायची तुमची तिकिटं काढली आहेत. १८ तारखेची अवंतिका एक्सप्रेस, दोन्ही बर्थ खालचे. बाबा, चिडण्याआधी पुढचं वाचा. फोनवर विषय काढला की "केळ कोण बघणार?" म्हणून तुम्ही मोकळे होता, तेव्हा निम्मं पत्र केळीवरच लिहिलं आहे.

मागच्या जानेवारीत पहाटे टॉर्च घेऊन परसात गेलात, घडाला गोणपाट बांधता बांधता दम लागला आणि तिथेच पायरीवर बसून राहिलात. मला हे शेजारच्या काकूंकडून कळलं. आई, तू लपवलंस म्हणून मी रागावलेले नाही. पण पारा १० च्या खाली गेला की बाबांची छाती भरते, आणि इंदूरच्या मानानं इकडे तशा पहाटा कमीच. मुलीच्या घरी इतके दिवस कसं राहायचं, हे मनात येणार. तर तुमचा पलंग उन्हाच्या खिडकीशी सरकवलाय तो तुमच्या जावयांनी, मी नाही. गीझर आहे, कमोड आहे, सकाळचा चहा तुमच्याच वेळेला मिळेल. फिरायला कमाटीबाग आहे; पण ऊन वर आल्यावर, सहाला नाही.

आता केळ. रावेरच्या काकांशी सविस्तर बोलले. माझं नाही तर त्यांचं तरी ऐका, त्यांचा जन्म केळीत गेला. ते म्हणाले, आपल्याकडच्या थंडीनं केळ मरत नाही, अडते. १६ अंशांखाली नवं पान निघणं मंदावतं, १० च्या आसपास थांबतंच. चरका बसून पानांच्या कडा पिवळ्या-काळ्या पडतात, त्याला घाबरायचं नाही. वर दिसतो तो खांब नुसत्या सोपटांचा, म्हणजे एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा. खरं खोड म्हणजे कंद, आणि तो मातीत सुरक्षित असतो. वरचं सगळं करपलं तरी फाल्गुनात खालून मुनवे, म्हणजे नवे कोंब, येतात.

आणि हे तुम्हीच मला शिकवलंय की. भिंतीवर कोळशानं रेघ मारून नव्या पानाची सुरळी किती वर सरकली ते रोज शाळेत जायच्या आधी दाखवायचात. पावसाळ्यात ती बघता बघता रेघ ओलांडायची. थंडीत तिथल्या तिथे राहिली की मी भोकाड पसरायचे, मग तुम्ही गुपचूप जुनी रेघ पुसून जरा खाली नवी मारायचात. मला ते तेव्हाच कळलं होतं, बाबा. केळीचा चीक लागलेला शाळेचा पांढरा ब्लाउज मात्र आईनं किती घासला तरी कधी स्वच्छ झाला नाही.

वरच्या खोलीतल्या मुलाला मी सगळं समजावलंय. आपली काळी माती पाणी धरून ठेवते; थंडीत रोज बादली ओतली तर कंद सडेल. म्हणून आठ-दहा दिवसांनी एकदा, तेही मातीत बोट खुपसून कोरडं लागलं तरच. फार गारठा पडणार असेल त्या संध्याकाळी मात्र थोडं पाणी द्यायचं, ओली माती रात्रभर ऊब धरते. बुंध्याभोवती वीतभर पाचोळा, पण खांबाला न चिकटवता, चार बोटं सोडून. म्हणजे पाचोळा कचरागाडीत देणं आजपासून बंद! (ओला-सुका वेगळा ठेवण्याचा तुमचा अभिमान मान्य आहे.) करपलेली पानं होळीपर्यंत कापायची नाहीत. तुम्हाला पसारा वाटेल, पण तीच लोंबती पानं खांबाला पांघरूण होतात. एक तलवारीसारख्या पानांचा जोमदार मुनवा ठेवायचा, बाकीचे काढायचे. शेणखत आता अजिबात नाही.

घडाला दोन बांबूंचा टेकू आणि गोणपाट, खालून उघडं, हे काम तुम्ही निघण्याआधीच्या रविवारी तोच मुलगा करेल. तुम्ही खुर्चीवर बसून सांगायचं, स्टुलावर चढायचं नाही. घड कोजागिरीच्या सुमारास निसवला, म्हणजे बाहेर पडला, नाही का? थंडीत भरायला चार महिने धरा, थोडे जास्तच. म्हणजे तो उतरवायला तुम्ही घरी असाल. परतीचं तिकीट महाशिवरात्रीच्या आधीचं काढते, शब्द देते.

आई, पंप आणि गोळ्या पर्समध्ये ठेव, सुटकेसमध्ये नाही. गाडी रात्री उशिरा पोचते. आम्ही दोघं फलाटावर असू, सामानाला हात लावायचा नाही. आणि केळफूल अजून लोंबत असेल तर शेवटच्या फणीखाली वीतभर दांडा सोडून कापून घ्या, घडाला जोर मिळेल. ते सोबतच आण. भाजी मी करेन, पण हाताला तेल लावून निवडायचं काम तुझं.

तुमची,
मनी