‘झालं ना स्वच्छ?’ या प्रश्नाला घरच्यांनी उत्तर देऊ नये

संपादक महोदय,

दरवर्षी १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन येतो आणि वृत्तपत्रांत नैराश्य, ताणतणाव, मोबाइलचे व्यसन यांवर भरभरून लिहिले जाते. ओसीडी, म्हणजे आपल्याकडचा मंत्रचळ (नकोसा विचार पुन्हा पुन्हा येणे आणि त्याची भीती घालवायला तीच कृती करत राहणे), मात्र ‘तो जरा जास्तच टापटिपीचा आहे’ एवढ्या थट्टेवर संपतो. शंभरातल्या एक ते तिघांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. आपण करतोय त्यात अर्थ नाही हे बहुतेक रुग्णांना कळत असते, तरी केल्यावाचून राहवत नाही. अशा विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जाऊ लागला, किंवा नोकरी, अभ्यास, संसार अडू लागला, की स्वभावाला दोष देणे थांबवून डॉक्टर गाठावा.

सांगलीतल्या कुठल्याही घरात दिसेल असे उदाहरण घ्या. नवरा बाजारातून येतो, मोरीत शिरतो. बायको टॉवेल घेऊन दाराशी उभी. आतून आवाज येतो, ‘नळाला कोपर लागलं का गं?’ ती म्हणते, ‘नाही.’ ‘नक्की?’ ‘नक्की.’ दोन मिनिटांनी पुन्हा तेच. ती कंटाळून ‘झालं स्वच्छ, या बाहेर’ म्हणते तेव्हा तो बाहेर येतो. तिला वाटते आपण मदत केली. प्रत्यक्षात त्या ‘नक्की’ने त्याची भीती क्षणभर उतरली आणि ती उतरायला दुसऱ्याचा शब्द लागतो, हे मेंदूने आणखी घट्ट शिकून घेतले. खरजेला खाजवल्यासारखेच हे. पुढे मुलांनी शाळेतून आल्यावर दारातच कपडे काढायचे, पाहुण्यांनी पलंगावर बसायचे नाही, असे नियम वाढत जातात आणि अख्खे घर आजाराच्या वेळापत्रकावर चालू लागते.

यावरचा सर्वांत भरवशाचा मानसोपचार म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी: भीतीला सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही. आधी रुग्णाबरोबर बसून भीतीची यादी करतात आणि प्रत्येक गोष्टीला शंभरपैकी गुण देतात. चपलांच्या मांडणीला हात लावणे ३०, एसटीतली दांडी धरून आल्यावर हात न धुता भडंग खाणे ६०, सार्वजनिक शौचालयाची कडी ९०. सुरुवात ३०-४० पासून. हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढते, शिगेला पोचते आणि काही न करता बसले तर बहुतेकदा पाऊण-एक तासात ओसरू लागते. तीच पायरी रोज करायची. चार-आठ दिवसांत तिचे गुण उतरले की पुढची. साधारण १२ ते २० बैठका लागतात, पण खरे काम दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत घरी होते.

बिघडते ते ठरलेल्या ठिकाणी. भीती शिगेला असतानाच रुग्ण उठून हात धुतो. मग त्या दिवशीचा सराव उलटाच धडा देतो. हात धुतला नाही, पण खिशातले सॅनिटायझर वापरले किंवा मनातल्या मनात एकवीस वेळा नामस्मरण केले, तरी तेच. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी ९० वर उडी मारली, तर तो परत येत नाही. घरच्यांनी रागाने नळ बंद करणे किंवा ओढून बाहेर काढणे हा उपचार नव्हे. रुग्णाशी आधी बोलून एकच वाक्य ठरवावे: ‘याचं उत्तर मी देणार नाही, पण मी इथंच बसलोय.’ एका वेळी एकाच सवयीतून हात काढून घ्यावा.

औषधांची गत अशी की ती अर्ध्यावर सोडली जातात. सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, फ्लुवोक्सामिन ही नैराश्यातही देतात, पण ओसीडीला मात्रा बहुधा जास्त लागते. सर्ट्रालिन काही वेळा दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत न्यावे लागते. ती डॉक्टरनेच हळूहळू वाढवायची. गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता पहिल्या पंधरवड्यातच येते, म्हणून तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी सुटते. लैंगिक तक्रारींमुळे कित्येक जण न सांगता बंद करतात. त्या सांगितल्या तर औषध बदलता येते. बरे वाटल्यावरही किमान एक-दोन वर्षे औषध चालू ठेवतात. नुसत्या झोपेच्या गोळीने शांत वाटते, ओसीडी जागच्या जागी राहतो.

ज्यांचा आजार दिसत नाही, त्यांची अडचण मोठी. देवापुढे उभे राहिल्यावर शिवी आठवणे, ओल्या बाळंतिणीच्या मनात बाळाला इजा करण्याचे विचार येणे, आणि त्या धास्तीने तिने घरातल्या सुऱ्या लपवणे. ओसीडीतल्या अशा विचारांची त्या व्यक्तीला स्वतःलाच किळस आणि भीती वाटते; ती तसे करू पाहत नसते. पण लाजेपोटी ती बोलत नाही आणि घरचे ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषी गाठतात. बाळंतिणीला भास होत असतील किंवा ती असंबद्ध बोलत असेल, तर प्रकरण वेगळे आणि तातडीचे. त्याच दिवशी दवाखाना. हाताची कातडी फुटलेले रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे मलमे घेत फिरतात, तिथे ‘दिवसातून किती वेळा हात धुता?’ एवढे विचारले तरी निदान लवकर होईल.

मिरज हे दवाखान्यांचे गाव, इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, मोफत, चोवीस तास बोलता येते. प्रश्न ईआरपीचा आहे. औषध दहा मिनिटांत लिहून होते, ईआरपीच्या एका बैठकीला तास लागतो आणि तो गर्दीच्या ओपीडीत मिळणे कठीण. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून आठवड्याची एक दुपार केवळ यासाठी राखावी, ही आमची मागणी. जत-आटपाडीच्या माणसाला दर आठवड्याला सांगलीला येणे म्हणजे रोजगार बुडवणे. त्याच्या पहिल्या तीन-चार बैठका समोरासमोर घेऊन पुढच्या व्हिडिओ कॉलवर घ्याव्यात. ज्या मोरीची, शेगडीची आणि कडीची भीती आहे ती त्याच्या घरातच असते, सराव तिथेच डोळ्यांसमोर करून घेता येईल.

— मानसिक आरोग्य क्षेत्रातील दोन समुपदेशक, विश्रामबाग, सांगली