बारक्या पुस्तकांनी लावलेली भांडणं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शाखेत हल्ली थकबाकीपेक्षा कादंबऱ्यांवर जास्त बोलणं होतं, असं तुझ्या कानावर आलं असेल तर ते खरं आहे.

27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन उरकला, फोटो हेड ऑफिसला रवाना झाले आणि कर्जविभागातल्या बाई म्हणाल्या, "दरवर्षी कुसुमाग्रजांना हार घालायचा आणि वाचायचं काहीच नाही, शोभतं का हे?" झालं, पैज लागली. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापर्यंत जो सगळ्यात जास्त मराठी पुस्तकं संपवेल, त्याला बाकीच्यांनी मिसळ खिलवायची. मात्र पहिल्या-तिसऱ्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचं. बोलता आलं नाही तर ते पुस्तक धरायचं नाही.

आता आम्ही पडलो बँकवाले. नियम आला की पळवाट आलीच. जो तो बारीक पुस्तकं हुडकायला लागला. फक्त साहेबांनी 'मृत्युंजय' उचललं. सहा जणांच्या तोंडून सांगितलेली कर्णाची कथा. साहेब त्यात इतके रमले की कर्ज नाकारतानासुद्धा त्यांचा आवाज जड व्हायचा. त्यांनी पाच मिनिटांऐवजी अख्खी सुट्टी खाल्ली, आम्ही माना डोलावल्या, विषय मिटला. एवढं जाडजूड पुस्तक, पण वाद म्हणून नाही.

भांडणं लावली ती बारक्यांनीच. कॅशियरने 'बनगरवाडी' एका रात्रीत उडवली आणि ऐटीत सांगितलं, "मास्तर गावाला तालीम बांधून देतो, मग दुष्काळ पडतो." आमचे शिपाईमामा माणदेशाकडचे, म्हणजे कादंबरीतल्याच मुलखातले. त्यांनी डबा बाजूला सारला. "मास्तर कुठला बांधतोय? गावानं बांधली. मास्तर निस्ता मागं लागला. आन् मेंढरांचे हाल वाचलंस का पानं उलटलीस?" कॅशियरला पुस्तक पुन्हा घरी न्यावं लागलं. पुढच्या खेपेला तो बोलला ते शेवटाबद्दल : ओस पडलेलं गाव, पोरांविना शाळा आणि मास्तरची बदली. बदलीचं नाव निघालं की आमच्याकडे कुणी हसत नाही, तुला माहीतच आहे. मामा म्हणाले, "आता धरा ह्याचं."

मी घेतलं विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. 1939 सालचं, एवढंसं पुस्तक. युरोपातून मुंबईला निघालेली बोट, तीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू, आणि चक्रधर-हॅर्टाचं ते चार दिवसांचं प्रेम. मुंबई येते, हा उतरतो, तिला उतरता येत नाही. बाई ताडकन म्हणाल्या, "पळपुटा आहे तुमचा चक्रधर." मी कायदे, परवाने, युद्धाचे दिवस असं काय काय पुढे केलं. साहेबसुद्धा माझ्या बाजूने आले. बाई ढिम्म. "कर्णाची बाजू घेणाऱ्यांनी तरी बोलू नये," म्हणाल्या आणि डबा बंद केला. आपल्यात म्हणून सांगतो, मला त्यांचंच पटतं. शाखेत मात्र मी अजून चक्रधरचा वकील आहे.

बाईंचं स्वतःचं वाचन म्हणजे 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, चाललंय. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं त्यांनी असं रंगवून सांगितलं की काउंटरवर थांबलेले पेन्शनरही आत डोकावले. पैज नव्या क्लार्क मुलीने मारली. मिसळ बरी होती, तर्री कमी.

तुझ्या कपाटात बेडेकरांचं आत्मचरित्र आहे ना, 'एक झाड आणि दोन पक्षी'? पोस्टाने पाठव. बाईंशी पुन्हा भांडायचं तर काहीतरी पुरावा हाताशी हवा. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र