परतीच्या पाकिटाचं तिकीट

ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. आमच्या पोस्टात टपालाच्या काउंटरवर तुम्ही बसता, एवढीच ओळख. मागे रांग असतानाही तुम्ही माझ्या आईच्या कथेचं टपाल ज्या आस्थेनं लावून दिलंत, त्याचे आभार मी तेव्हा दोन शब्दांत मानले आणि निघाले. तेवढ्यानं माझं समाधान झालेलं नाही. उघड पत्र लिहिते आहे ते अशासाठी, की हस्तलिखितं पाठवणारी माणसं अजून बरीच आहेत आणि तुमचा हिशेब त्यांनाही उपयोगी पडेल.

आई सत्तरी ओलांडल्यावर कथा लिहू लागली. दिवाळी अंकाकडे पाठवायची प्रत ती स्वतःच्या अक्षरात काढते, कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून. झेरॉक्स घरी ठेवलेली असते, पण कथा नापसंत झाली तर हाताची प्रत परत यावी, असं तिला मनापासून वाटतं. त्यासाठी आपला पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायचं, ही मराठी मासिकांची जुनी रीत. किती रुपयांचं तिकीट लावायचं, ते मात्र ज्याचं त्यानं काढायचं असतं.

मी बंद करायचं पाकीट पुढे केलं, तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "आत परतीचं पाकीट आहे का?" मग दोन्ही पाकिटं काट्यावर वेगवेगळी ठेवायला लावलीत. माझ्या लेखी सगळं मर्म त्या प्रश्नात आहे. जाताना कथा, परतीचं पाकीट आणि बाहेरचं मोठं पाकीट अशा तिघांचं वजन भरतं. येताना फक्त कथा आणि तिचं पाकीट. दोन प्रवासांची दोन वजनं, म्हणून तिकिटंही दोन वेगळ्या रकमांची.

साध्या पत्राचा आजचा दर पहिल्या 20 ग्रॅमला 5 रुपये आणि पुढच्या प्रत्येक 20 ग्रॅमला, किंवा त्याच्या काही भागाला, आणखी 5 रुपये. आईची कथा बारा पानांची. नेहमीचा 75 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम भरणारा, ए-फोर कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे बारा पानांचे 56 ग्रॅम. परतीचं पाकीट 8 ग्रॅमचं, एकूण 64. तीन टप्पे 60 ला संपतात, वरच्या 4 ग्रॅमसाठी चौथा टप्पा, म्हणून 20 रुपये. बाहेरचं खाकी पाकीट 18 ग्रॅमचं निघालं. सगळं मिळून 82, पाचवा टप्पा, 25 रुपये. अंदाजानं दोन्हींवर सारखीच तिकिटं चिकटवली असती, तर एक पाकीट चुकलंच असतं.

याच्या पुढचं तुम्ही जे बोललात, ते मला कुठल्याही दरपत्रकात सापडलं नसतं. "संपादकांनी परत पाठवताना चिठ्ठी घातली तर?" एक कागद वाढला की 64 चे 69 होतात, 80 च्या आत राहतात, म्हणजे 20 रुपयांत भागतं. पण हेच पाकीट 58 किंवा 59 ग्रॅमचं असतं, तर तुम्ही पुढच्या टप्प्याचं तिकीट लावायला सांगितलं असतंत. परतीचं वजन आपल्या हातात नसतं, म्हणून काठावर थांबायचं नाही. ज्या माणसाला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, त्यानं घालायच्या चिठ्ठीचं वजन तुम्ही आधीच धरलंत, ताई.

परतीच्या पाकिटाला तिकिटंच हवीत, हेही तुम्हीच सांगितलंत. काउंटरवर तिकिटाऐवजी उमटवलेला शिक्का त्या दिवसाचा असतो, आणि हे पाकीट कोणत्या महिन्यात पेटीत पडेल ते कुणाला माहीत?

तिकीट कमी पडलं की पत्र नॉटपेड होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात. जाताना 5 रुपये कमी लावले, तर दिवाळी अंकाच्या कचेरीला 10 रुपयांचा भुर्दंड. रक्कम क्षुल्लक आहे, पण नव्या लेखिकेची पहिली ओळख अशी होऊ नये, हे तुम्हाला माझ्याआधी सुचलं.

एक आणखी गोष्ट, थोडी विषय सोडून. वजनावर आकारणी आपल्याकडे 1854 पासून देशभर एकसारखी झाली. त्याआधी अंतरानुसार पैसे पडत. 1854 च्या त्या नव्या दरानं अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र जाई. पाव तोळा म्हणजे जेमतेम 3 ग्रॅम, आजचा एक ए-फोर कागदही त्यात बसणार नाही. आईच्या कथेला पुण्याला जायला आणि नागपूरला जायला सारखेच 25 रुपये लागतात, याचं मूळ त्या निर्णयात आहे. गावात बसून लिहिणाऱ्या बाईसाठी ही केवढी मोठी सोय आहे! तुमच्यासारखी माणसं काट्यापाशी बसलेली असतात, म्हणून ती खऱ्या अर्थानं आमच्यापर्यंत पोहोचते.

स्पीड पोस्टचाही पर्याय तुम्ही समोर ठेवलात. 2025 पासून रजिस्टर टपाल त्यातच विलीन झालं आहे, पाकीट कुठवर पोहोचलं ते त्यात कळतं, पण खर्च वाढतो, हे स्पष्ट सांगितलंत आणि निवड आमच्यावर सोडलीत. आईनं साधं टपाल निवडलं.

ज्या चिटोऱ्यावर तुम्ही टप्पे मांडून दिलेत, तो आईनं वहीत नीट उतरवून घेतला. वाचनालयात जमणाऱ्या तिच्या लिहित्या मैत्रिणींना तो हवा आहे, म्हणून फलकावर लावायचं ठरवलंय. तुमची हरकत नसेल तर खाली 'पोस्टातल्या ताईंकडून' असं लिहू. दर बदलले की कळवा, म्हणजे फलकावर दुरुस्ती करता येईल. आईची पुढची कथा मोठी होते आहे. ती घेऊन आम्ही दोघीही येऊ.

आपली कृतज्ञ,
एका लिहित्या बाईची लेक