क्यूसी लॅबमधल्या माझ्या मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. औषध कंपनीतली नोकरी सोडून विनोदी नाटकांत आले म्हणून हल्ली लोक कौतुक करतात, "केवढं धाडस केलंस" म्हणतात. दर वेळी वाटतं, ज्यांच्यामुळे हे झालं त्या बाई या घडीला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, औषधांचा दर्जा तपासणाऱ्या क्यूसी लॅबमध्ये लॉगबुकवर सह्या करत बसल्या असतील आणि त्यांच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नाही. तुमचं नाव इथेही लिहीत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. पण तुम्ही काय केलंत ते मात्र लिहिणार आहे.

नाटक कॉलेजपासून होतंच. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी क्यूसीला लागले आणि तालमी सुटायला लागल्या. शिफ्ट दर आठवड्याला बदलणार, तालीम मात्र रोज संध्याकाळी सातची. माझ्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात माझी वाक्यं दुसरंच कुणीतरी वाचायचं. गंभीर नाटकात हे एक वेळ चालतं, विनोदी नाटकात अजिबात चालत नाही. समोरच्याचं वाक्य जिथे संपतं तिथेच आपलं यायला हवं आणि ते त्याच माणसाबरोबर रोज करून अंगात मुरतं. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जवळ आली तेव्हा मी रजा मागायला तुमच्या केबिनमध्ये आले. तुम्ही रजेचा अर्ज बाजूला ठेवलात, शिफ्टचा तक्ता पुढे ओढलात आणि विचारलंत, "साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग कितीला आहे?"

स्पर्धा होईपर्यंत मला फर्स्ट शिफ्ट लागली. त्या बदल्यात दिवाळीतल्या नाइट मी करायच्या, असं ठरलं. माझ्या सेकंड शिफ्टपैकी काही तुम्ही स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या, हे मला फार उशिरा, तेही स्टोअरमधल्या दादांकडून कळलं.

पण मॅडम, शिफ्टपेक्षाही मोठी गोष्ट तुम्ही तालमीच्या हॉलमध्ये दिलीत. तुम्ही आलात, मागच्या बाकावर बसलात आणि पर्समधून ती लांबट वही काढलीत. प्रत्येक वाक्याला एक ओळ आणि बाजूला रकाने: कुठे थांबली, कुठे बघत होती, हसले की नाही. दुसऱ्या दिवशीही आलात. तालीम संपल्यावर सगळे "छान झालं" म्हणत होते, तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत. "तो डब्याचा पंच काल हशा घेऊन गेला, आज पडला. काय बदललंस?" मी आठवून सांगितलं: जरा जास्त थांबले, आवाज खाली आणला आणि डबा उघडताना प्रेक्षकांकडे बघितलं. "म्हणजे तीन गोष्टी एकदम बदलल्यास. आता कशामुळे पडला ते कळणार कसं?"

एका वेळी एकच बदल, हेच तर मी एचपीएलसीवर, म्हणजे औषधात कुठला घटक किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर, करत होते. आधी स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण माहीत असलेला नमुना, पाच-सहा वेळा इंजेक्ट करायचं, आलेखावरच्या पीकच्या एरियाचा आरएसडी, म्हणजे दर वेळचा फरक, 2 टक्क्यांच्या आत आला तरच सॅम्पल लावायचं. पीक सरकला तर बफरचा पीएच, फ्लो आणि कॉलमचं तापमान एकाच वेळी हलवायचं नाही. एक बदलायचं, बघायचं, मग दुसरं. अभिनयालाही हे लागू पडेल असं कधी मनातच आलं नव्हतं, कारण 'तिथे सगळं आतून येतं' हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. येतंही आतून. पण आतून आलेलं उद्या पुन्हा कसं आणायचं, हे मला तुमच्या वहीतून समजलं.

पुढच्या तालमीला मी फक्त नजर बदलली. डबा उघडताना बाहेर बघितलं की प्रेक्षकाला आधीच सुगावा लागतो, आता काहीतरी येणार. नजर डब्यातच ठेवली की आत काय आहे ते त्यालाही माझ्याबरोबरच कळतं. हशा परत आला. मग पॉजचं काम वेगळं केलं: हशा पूर्ण थांबायची वाट बघायची नाही, तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर आपणच आपला हशा खातो, उशीर केला तर नाटक बसतं. आजही प्रत्येक प्रयोगाचं रेकॉर्डिंग ऐकून मी तसेच रकाने भरते. चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ, शेजारी सही आणि तारीख. बरोबरची मंडळी विचारतात ही कुठली पद्धत, मी तुमच्याबद्दल सांगते.

नोकरी सोडायचं पक्कं झालं तेव्हा "स्वप्नांच्या मागे धाव" वगैरे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. कँटीनमध्ये कागद घेऊन बसलात. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले होते. तेवढे काढ, ग्रॅच्युइटी सोडू नकोस, म्हणालात. पीएफ लगेच काढू नकोस. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस आजारपणाचा क्लेम सहसा मिळत नाही, म्हणून स्वतःची पॉलिसी नोटीस द्यायच्या आधी काढ. नाटकात येऊ बघणाऱ्या नोकरदार मुलामुलींना मी हा कागद जसाच्या तसा सांगते. धीर देणारे खूप भेटतात, हिशेब मांडून देणारं क्वचितच कुणी असतं.

आणि तुम्ही आमच्या घरी आलात. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, त्यांना ठरलेल्या तारखेचा पगार म्हणजे काय ते पक्कं माहीत. ते म्हणाले, "डॉ. श्रीराम लागूंची गोष्ट वेगळी, ते सर्जन होते." तुम्ही शांतपणे म्हणालात की सर्जन होते म्हणूनच सोडणं सोपं नव्हतं. 1969 साली, वयाच्या 42व्या वर्षी ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'मधून, आणि पुढच्याच वर्षी कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'मधला बेलवलकर त्यांनी उभा केला. "दोन्ही लेखक आपल्या नाशिकचे, काका." बाबांना हे माहीत होतं, पण असं एकाला एक जोडून कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांचा खरा प्रश्न राहिलाच होता: नाही जमलं तर? तुम्ही म्हणालात, "तिची एम.एस्सी. कुठे जात नाही. माझ्याकडे जागा असेल तर पहिला फोन हिला. नसेल तर सातपूर-सिन्नरला ओळखीच्या लॅब आहेत." बाबांनी विचारलं, तेव्हा पगार किती मिळेल? तुम्ही आकडा सांगितलात. त्या आकड्यावर घरातला विरोध संपला, मॅडम. आईने पोहे टाकले ते त्यानंतर.

पहिलं मानधनही तुमच्यामुळेच मिळालं. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्या आठवड्यात एमआयडीसीतल्या कंपन्या पथनाट्यं बसवून घेतात. तुम्ही दोन ठिकाणी शब्द टाकलात. मी त्यात साहेब दिसले की गॉगल डोळ्यांवर आणि साहेब वळले की कपाळावर करणारा ऑपरेटर केला. कामगार असे हसले की पुढचं वाक्य मला अडवून धरावं लागलं. पुढच्या रांगेतला एकजण हळूच कपाळावरचा गॉगल खाली घेताना मी पाहिला. त्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं उभी राहिले नसते तर ते पात्र मला सुचलंच नसतं.

आता कामं येतात. कधी व्यावसायिक नाटकात छोटी भूमिका, कधी प्रहसन, कधी कॉलेज रोडच्या कॅफेत मराठी स्टँडअप, मे महिन्यात मुलांची शिबिरं. पगाराएवढे पैसे दर महिन्याला होत नाहीत, पण तुमच्या कागदावरच्या हिशेबात बसतं. बाबा जवळचा प्रयोग चुकवत नाहीत.

तुम्ही केलंत ते सगळं तुमच्या कामाच्या वेळेतून, तुमच्या झोपेतून केलंत. मी मनापासून ऋणी आहे, आणि हे तुमच्यासमोर उभं राहून मला कधीच नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिलं.

कालिदास कलामंदिरात पुढच्या महिन्यात नव्या नाटकाचा प्रयोग आहे. तिकीट काढू नका, पास तुमच्या घरी पोचवते. वही मात्र आणा. दुसऱ्या अंकातल्या फोनच्या प्रसंगात मधलं एक वाक्य सारखं पडतंय. मी नजर आणि पॉज एकेक करून तपासून पाहिलेत. माझा संशय आता वाक्यावरच आहे, पण लेखकाकडे जाण्याआधी तुम्ही एकदा बघावं असं वाटतं.

तुमची,
लॅबमधली जुनी सहकारी
नाशिक