परिवहन मंत्री साहेब, हेडलाईटचा 100/90 चा बल्ब दुकानातच अडवा

मा. परिवहन मंत्री साहेब, कर्नाटक राज्य, यांना नमस्कार,

मी खानापूर तालुक्यातला. बेळगावच्या मार्केटातून भाजी भरून आठवड्यातल्या चार-पाच रात्री गोव्याला जातो, पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून साखळी आणि पुढं म्हापसा. रात्री दीडला निघतो, पहाट व्हायच्या आत माल पोचवायचा असतो. म्हणजे माझं पोट दोन हेडलाईटवर चालतं असं समजा, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांमागं माझ्या जुन्या व्हॅनचा लाईट फार पिवळा पडायला लागला होता. जुलैतला कणकुंबीचा पाऊस तुम्ही ऐकून असाल, त्यात धुकं, पुढचं वळण दिसेना. दुकानात गेलो तर त्यांनी 100/90 चा बल्ब हातात दिला, सगळे हाच नेतात म्हणाले. आता बघा, गाडीतला कंपनीचा बल्ब एच-फोर जातीचा, म्हणजे अप्पर-डिप्पर एकाच बल्बात, तो 60/55 वॉटचा, म्हणजे अप्पर 60 आणि डिप्पर 55. हा 100/90. पण मागच्या तीन पत्त्या त्याच, आकार तोच, त्याच होल्डरमध्ये गपकन बसला, मग माझ्यासारख्या माणसाला शंका यायचं कारणच काय? पंधरा दिवस एकदम झकास वाटलं. मग कधीकधी जळकट वास यायचा, मला वाटायचं पुढच्या ट्रकचा क्लच असेल. आणि एका रात्री कणकुंबीच्या पुढं भर पावसात होल्डर वितळून शॉर्ट झाला, फ्यूज गेला आणि दोन्ही लाईट एकदम बंद. घाट, धुकं, मागनं बस येतेय आणि समोर काळाकुट्ट. सोबत पुतण्या होता, तो खाली उतरून मोबाईलची बॅटरी दाखवत पुढं चालला आणि मी त्याच्या मागनं गाडी इंचाइंचानं कडेला घेतली. त्या पोराला त्या रात्री काही झालं असतं तर घरी काय तोंड दाखवलं असतं, हे अजून मनातनं जात नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्या मामांकडं गाडी नेली. त्यांनी नवीन होल्डर टाकून आधी जुना 60/55 च लावला, इंजिन चालू केलं आणि मीटर लावून दाखवला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, होल्डरवर फक्त 11.6. मामा म्हणाले, "अरे, बल्ब बारीक नाही, वायर बारीक आहे." जुनी वायर, गंजलेली अर्थिंग आणि झिजलेला स्विच मिळून दोन व्होल्ट मधल्यामधी खात होते. आणि हॅलोजन बल्बचं असं असतं की व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड भरपूर पडतो. बल्बचा उजेड ज्या 13.2 व्होल्टवर मोजतात त्याच्या जागी 11.6 मिळाले तर उजेड तिसऱ्या हिश्श्यानं जातो. म्हणजे मी इतकी वर्षं दोन तृतीयांश लाईटवर घाट उतरत होतो आणि दोष बल्बला देत होतो.

त्यावर 100 वॉट टाकला की काय होतं ते पण त्यांनी हिशोब करून सांगितलं. 12 व्होल्टवर 60 वॉट म्हणजे 5 अँपियर, 100 वॉट म्हणजे 8 च्या वर. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, त्यामुळं तीच वायर जवळजवळ पावणेतीन पट तापते. होल्डर वितळतो, वायरीच्या जोडाचे कपलर काळे पडतात, आतल्या रिफ्लेक्टरचं चंदेरी पाणी भाजून मंद होतं, आताच्या गाड्यांना पुढं काच नसून प्लास्टिक असतं तेही खराब होतं. रिफ्लेक्टर एकदा गेला की मग 100 काय नि 130 काय, उजेड पहिल्यापेक्षा कमीच. ज्यासाठी पैसे घातले तेच हातचं जातं.

मामांनी 60/55 तसाच ठेवला, फक्त रिले किट टाकलं, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यानं मोठा करंट चालू-बंद करणारा डबा, बॅटरीवरनं वेगळी जाड वायर, तिला तिचा फ्यूज, आणि जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो. अर्थिंग घासून नवीन केली. सगळं हजाराच्या आत झालं. मग गाडी भिंतीसमोर लावून फोकस सेट केला, तेही मागं भाजीची पोती भरून, कारण माल भरला की गाडीची शेपूट बसते, नाक वर येतं आणि डिप्परचा लाईट सुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. हे मला इतक्या वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. आता तोच रस्ता, तोच पाऊस आणि वळणावरचा पांढरा दगड लांबनं दिसतो.

साहेब, 2024 च्या जुलैपासून राज्यात डोळे दिपवणाऱ्या एलईडी लाईटवर पोलिसांनी मोहीम काढली, ते चांगलंच केलं. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी खुपसला की उजेड निघायची जागाच बदलते आणि लाईट सगळीकडं फाकतो, त्यात वॉट कितीही कमी लिहिलेले असूदेत. पण ऐनवेळी रस्त्यात थांबवून ड्रायव्हरला दंड लावण्याच्या अगोदर बरंच काही करण्यासारखं आहे. 100/90 चं पाकीट मी परत बघितलं तेव्हा त्यावर बारीक इंग्लिश अक्षरात छापलेलं दिसलं की हे सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. ते वाचणार कोण? दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

म्हणून माझं मागणं आहे. बल्ब विकणाऱ्या प्रत्येक दुकानात कन्नड आणि मराठी दोन्हीत मोठ्या अक्षरात बोर्ड लावायला सांगा, की एच-फोरला 60/55, एच-सेव्हन या दुसऱ्या जातीच्या बल्बला 55, 24 व्होल्टच्या ट्रकला 75/70, यापुढचा बल्ब रस्त्यावरच्या गाडीला देणार नाही. विकणाऱ्यावर पण तपासणी होऊद्यात. आमच्यासारख्या धंद्याच्या गाड्या फिटनेसला जातात तिथं लाईट नुसता पेटतो का एवढं बघून भागत नाही, बीमचं मशीन लावून उंची बघा, गाडी भरल्यावर काय होतं तेही विचारा. केंद्राच्या 1989 च्या नियमांत 106 नंबरला स्पष्ट आहे, गाडीच्या समोर 8 मीटरवर, उजव्या अंगाला अर्धा मीटर सोडून, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला लाईट दिपवता कामा नये. नियम एवढा बारीक आहे तर तो मोजणारं मशीन पण पाहिजे की. आणि खाजगी गाड्या तर 15 वर्षं आरटीओचं तोंड बघत नाहीत, त्यांच्यासाठी पावसाळ्याच्या आधी खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वरला एकेक दिवस फुकट हेडलाईट तपासणी ठेवा, लोक येतील, मी स्वतः गावातल्या दहा गाड्या घेऊन येतो.

निपाणी-चिकोडीकडं उसाचा सीझन सुरू झाला की हे अजून वाईट होतं. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रेडियम पण नाही, आणि समोरनं 100 वॉटचा अप्पर येतो. चार-पाच सेकंद डोळ्यासमोर अंधारी, तेवढ्यात ट्रॉलीचा ऊस काचेपर्यंत आलेला असतो. ट्रॅक्टरवाला बिचारा साखर कारखान्याच्या लाईनीत रात्र काढणारा, त्याला रेडियमची पट्टी कारखान्याच्या गेटवरच लावून द्यायची सोय करता आली तर फार बरं होईल.

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधला येता, तेव्हा उसाचा सीझन ऐन भरात असतो. एखाद्या रात्री हायवेचा ताफा सोडून दीड वाजता माझ्या गाडीत बसा, जांबोटी मार्गे चोर्ल्यापर्यंत जाऊन येऊ. समोरनं येणाऱ्या गाड्यांचा लाईट तुमच्या डोळ्यात गेला की मग बोर्डाचं आणि मशीनचं कागदावर लिहून घ्या.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक भाजीच्या गाडीचा ड्रायव्हर