परसबागेत या मुलांनाही जागा हवी

संपादक महोदय,

‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या योजनेखाली अंगणवाड्यांच्या आवारात पोषणवाटिका लावण्यावर भर दिला जातो. मुलांच्या ताटात ताजी भाजी यावी हा हेतू रास्तच आहे. परंतु ज्यांचा विकास वयाच्या मानाने मागे आहे, जी उशिरा चालू लागली, अजून मोजकेच शब्द बोलतात किंवा ज्यांच्या हातांची पकड कच्ची आहे, अशा तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हीच बाग किती देऊ शकते, याचा विचार तिच्या आखणीत व्हायला हवा, असे या मुलांसोबत काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून सराव करून घेणारी उपचारतज्ज्ञ) म्हणून मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

बागेतले प्रत्येक काम मुलाच्या कुवतीप्रमाणे सोपे करता येते. ज्याला चिमटीत बी धरता येत नाही, त्याने भोपळ्याची बी मुठीत धरून खड्ड्यात सोडावी. मेथीचे दाणे पुढे कधीतरी. झारी पेलत नसेल, तर झाकणाला भोके पाडलेली प्लास्टिकची बाटली दोन्ही हातांनी दाबून पाणी घालता येते, आणि त्यातून हातात येणारे बळ चमचा धरताना, बटण लावताना कामी येते. काही मुलांना ओल्या मातीचा स्पर्श सहनच होत नाही. अशा मुलाचा हात धरून तो मातीत घालणे सर्वथा चुकीचे आहे. त्याला आधी लाकडी चमचा द्यावा, मग कोरडी माती, आणि ओल्या मातीकडे ते आपणहून वळेपर्यंत धीर धरावा. ‘पाणी’, ‘अजून’, ‘झालं’ हे शब्द रोज त्याच कृतीबरोबर कानावर पडले, तर उशिरा बोलणाऱ्या मुलाला ते उचलणे सोपे जाते. मेथी काही दिवसांतच उगवते आणि साधारण महिनाभरात खुडता येते, म्हणून ज्यांना दाणे चिमटीत धरता येतात त्यांची सुरुवात तिच्यापासून करावी. वांग्याची वाट पाहणे या वयाला जड जाते.

काळजी मात्र घ्यावीच लागते. हाती येईल ते तोंडात घालणाऱ्या मुलाला दाण्यांऐवजी रोप लावायला द्यावे, औषध लावलेले रंगीत बियाणे कोणत्याही मुलाच्या हाती देऊ नये, आणि कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज यांना आवारात थारा नसावा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेल्या आणि पुढे कोसबाडला वाढवलेल्या बालशिक्षणाच्या कामात भोवतालची पाने, बिया, शंखशिंपले हीच शिकण्याची साधने होती. ज्या राज्याला हा वारसा आहे, तेथे या मुलांसाठी महागड्या आयात खेळण्यांची वाट पाहण्याचे कारण नाही.

बागकाम हा उपचारांना पर्याय नव्हे, हेही स्पष्ट करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत मुलाचा विकास मागे असल्याचे आढळले, तर पालकांनी त्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात) न्यायलाच हवे. पण तेथील सत्र संपल्यावर मूल परत गावातच येते, आणि शिकवलेल्या हालचालींचा सराव रोज कुठेतरी व्हावा लागतो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल (कार्यपद्धती) आणला. त्याला धरून महिला व बालविकास विभागाने प्रत्येक पोषणवाटिकेत, चाकाच्या खुर्चीतल्या किंवा आधाराने उभ्या राहणाऱ्या मुलाचा हात पोहोचेल असा टेबलाच्या उंचीचा एक तरी वाफा करावा; भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या शहरी अंगणवाडीत चार कुंड्या बाकावर ठेवल्या तरी चालतील. सेविकांवर आधीच नोंदींचा मोठा भार आहे, त्यामुळे यासाठी नवी नोंदवही न काढता त्यांच्या नियमित प्रशिक्षणातच एखादा दिवस थेरपिस्टसोबत प्रत्यक्ष बागेत घालवण्याची सोय करावी, ही विनंती.

आपली,
एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नाशिक