पसंतीक्रमाचा हक्क फक्त पदवीधरांनाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागले की आपल्या दैनिकासह सगळीकडे एक ठरलेले विश्लेषण वाचायला मिळते. अमक्याने तमक्याची मते खाल्ली, मतविभागणी झाली आणि तिसराच निवडून आला. मग पडलेल्या पक्षाचे लोक त्या ‘मते खाणाऱ्या’ उमेदवारावर आणि त्याला मत देणाऱ्यांवर तोंडसुख घेतात. मोजणीच्या पद्धतीला मात्र कोणी जाब विचारत नाही. मी गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या मते खोट पद्धतीतच आहे, आणि तिच्यावरचा उपाय आपल्याच राज्यात वर्षानुवर्षे वापरात आहे.

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधर मतदारसंघांच्या आणि सात शिक्षक मतदारसंघांच्या. तिथे मतदार एका नावावर शिक्का मारून मोकळा होत नाही. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेनने तो नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. पहिल्या पसंतीत तेवढी कोणालाच मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवरचे पुढचे नाव पाहिले जाते. समजा १०० मते आहेत. पहिल्याला ४०, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला २५. आपल्या नेहमीच्या हिशेबाने ४० वाला विजयी. पण तिसऱ्याच्या २५ मतदारांपैकी २० जणांची दुसरी पसंती ३५ वाल्याला आणि उरलेल्या ५ जणांची ४० वाल्याला असेल, तर निकाल ५५ विरुद्ध ४५ लागतो. ५५ लोकांना नको असलेला माणूस पहिल्या हिशेबात जिंकला होता, दुसऱ्यात हरला. एवढेच आहे ते.

नोकरीत असताना मी शिक्षक मतदारसंघाच्या मतमोजणीला बसले आहे. रात्र उलटून जाते, बाद फेऱ्या संपता संपत नाहीत, हे खरेच. पण मला जास्त त्रास झाला तो बाद मतपत्रिकांचा. आकड्याऐवजी बरोबरची खूण. ‘१’ऐवजी अक्षरांत ‘एक’. दोन उमेदवारांना १ (बहुधा दोघांनाही शब्द दिला असावा). हे मतदार शिक्षक होते! त्यांना आकडे येत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते, कारण प्रचारात सांगतात ते एवढेच: फक्त आमच्यापुढे १ लिहा, बाकी जागा कोऱ्या सोडा.

या सल्ल्यावर थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सगळा गैरसमज इथेच आहे. दुसरी पसंती लिहिली की पहिलीचे बळ कमी होते, असे शिकलेले लोकही मानतात. तसे मुळीच होत नाही. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत आहे तोवर तुमच्या दुसऱ्या पसंतीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तो बाद झाल्यावरच ती उघडली जाते, म्हणजे त्याचे नुकसान व्हायला तो मैदानातच नसतो. नववीच्या वर्गात प्रतिनिधी निवडताना मी ही पद्धत वापरायचे. एकदा एक मुलगी तक्रार घेऊन आली, “बाई, माझा दोन नंबर तुम्ही मोजलाच नाही.” तिचा एक नंबर शेवटच्या फेरीपर्यंत टिकला होता, दोनची गरजच पडली नव्हती. तिला ते दोन मिनिटांत पटले. मोठ्यांना पटायला वेळ लागतो. दुसरी जागा कोरी ठेवणाऱ्याचा पहिला उमेदवार बाद झाला, की पुढच्या फेऱ्यांत त्या मतदाराला काहीच म्हणणे उरत नाही. याचा फायदा कोणाला होतो ते आपले आपण ओळखावे.

देशाचा राष्ट्रपतीही याच पद्धतीने निवडला जातो. १९६९ ची निवडणूक जुन्या वाचकांना आठवत असेल. वराहगिरी व्यंकट गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य (आमदार-खासदारांच्या मतांना ठरलेले मूल्य असते, त्याची बेरीज) मिळाले. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारा आकडा, होता ४,१८,१६९. गिरी ४८ टक्क्यांवर अडकले. देशमुखांसह मागचे सगळे बाद होऊन त्यांच्या पुढच्या पसंतीची मते वाटली गेली, तेव्हा रेड्डी एकदम ४,०५,४२७ वर गेले आणि गिरी ४,२०,०७७ वर. कोट्यापेक्षा जेमतेम १,९०८ जास्त. निकाल बदलला नाही, पहिल्या फेरीत पुढे असलेलेच जिंकले. पण देशमुखांना मत देणाऱ्यांना ‘तुम्ही मते खाल्लीत’ असे कोणी म्हणू शकले नाही. त्यांची मतेही अखेरच्या हिशेबात धरली गेली होती.

म्हणजे राष्ट्रपती निवडताना आमदार-खासदारांना पसंतीक्रम, राज्यसभेसाठी आमदारांना पसंतीक्रम, पदवीधराला पसंतीक्रम. ज्याच्या मतावर हा सगळा डोलारा उभा आहे त्या साध्या मतदाराला मात्र लोकसभा-विधानसभेला एकच बटण. हा भेद मला खटकतो.

ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोडवला. १९१८ मध्ये स्वान मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचा उमेदवार सुमारे ३४ टक्के मतांवर जिंकला, कारण विरोधातली साठ टक्क्यांहून जास्त मते दोघांत फाटली होती. त्याच वर्षी तिथे पसंतीक्रमाचा कायदा झाला. सत्ताधाऱ्यांनी तो स्वतःच्या सोयीसाठी केला हे उघड आहे, पण तो टिकला. आयर्लंडमध्ये १९९० साली अध्यक्षपदाच्या पहिल्या मोजणीत ब्रायन लेनिहन ४४ टक्क्यांवर पुढे होते आणि मेरी रॉबिन्सन ३९ वर. तिसऱ्या उमेदवाराची मते वळल्यावर रॉबिन्सन जिंकल्या आणि देशाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

ही पद्धत रामबाण आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या अलास्का राज्यात याच पद्धतीने झालेल्या २०२२ च्या पोटनिवडणुकीत मेरी पेल्टोला, सारा पेलिन आणि निक बेगिच असे तिघे होते. मतपत्रिकांची नोंद उघड झाल्यावर दिसले की समोरासमोर लढत झाली असती, तर बेगिच दोघांनाही हरवू शकले असते. पण पहिल्या पसंतीत ते तिसरे, म्हणून आधीच बाद. अनेकांचा दुसरा असलेला माणूस असा मध्येच चेपला जाऊ शकतो. शिवाय एका जागेसाठी ही पद्धत वापरली म्हणून पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतीलच असे नाही, तो वेगळा विषय आहे. तरीही आजच्या पद्धतीत बेगिच यांच्यासारखा तिसरा हरतोच, आणि वर त्याला मत देणाऱ्यांना शिव्याही बसतात.

घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागांची, मागणी झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला होता. मतदाराला निदान आकडे ओळखून ते मतपत्रिकेवर मांडता यायला हवेत, हा त्यांचा एक मुद्दा; सरकारच्या स्थैर्याची काळजी हा दुसरा. दुसऱ्याला उत्तर सोपे आहे: एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी हे इथे बदलत नाही, त्यामुळे आजच्यापेक्षा अस्थिरता वाढण्याचे मला तरी कारण दिसत नाही. पहिला मुद्दा त्या काळी बिनतोड होता. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती सुमारे ७३ होती. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न मी टाळत नाही. पापुआ न्यू गिनीत साक्षरतेची अडचण आपल्याहून मोठी आहे, तरी तिथे २००७ पासून सार्वत्रिक निवडणुकीत तीन पसंती देण्याची पद्धत आहे. आपणही तीनवर थांबू शकतो. राहिले मतदान यंत्र. आजचे यंत्र मतदाराचे एकच बटण मोजते, म्हणूनच पदवीधरच्या निवडणुकीला कागद वापरतात. यंत्रासाठी पद्धत अडवून ठेवायची की पद्धतीसाठी यंत्र बदलायचे, हे संसदेने ठरवावे. कायदा तिलाच बदलावा लागेल.

तोवर आपल्या दैनिकाला एक विनंती. पदवीधर-शिक्षक मतदारसंघांचे निकाल छापताना ‘अमुक विजयी’ एवढ्यावर थांबू नका. पहिल्या पसंतीत कोणाला किती, कोटा किती, कोणत्या फेरीत कोण बाद झाले, त्याची मते कुठे गेली आणि मतपत्रिका किती बाद झाल्या, असा फेरीनिहाय तक्ता द्या. ही माहिती मोजणीच्या टेबलावर तयारच असते. जागा कमी पडत असेल तर विजयी मिरवणुकीचा एखादा फोटो कमी छापा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका